तीस पावलं

जळगाव
३ फेब्रुवारी १९६९

प्रिय वच्छे,

तू धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात लागलीस, हे मला माझ्या भावाकडून, प्रकाशभैयाकडून कळावं? मुंबईला तीन वर्षं शिकून आलीस, पडलेल्यांना पुन्हा चालवतेस म्हणे, आणि धरणगावच्या शाळेत जिच्या वहीतली गणितं उतरवून पास झालीस तिला एक ओळ नाही. असो. भांडण पुढच्या पत्रात. आज काम आहे.

मी पडते गं. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते तसं नाही. चांगली चालता चालता जमीन बाजूला सरकते आणि मी भिंतीवर. परवा बाबूजींना, म्हणजे सासऱ्यांना, गरम फुलका वाढायला निघाले आणि फुलक्यासकट दाराच्या चौकटीवर आदळले. जेठजी, म्हणजे थोरले दीर, ताटावर होते, मुनीम रुपचंदजी होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथल्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं. महिनाभर खजूर खातेय, आता खजूर बघितला तरी मळमळतं.

सासूबाई म्हणतात, सगळं ढोंग आहे. त्यांचं तरी काय चुकलं? एकटी असले की मी स्वयंपाकघरात भिंगरीसारखी फिरते. मलाच माझा भरवसा वाटेनासा झालाय. मुन्ना आता दीड वर्षाचा आहे, दिवसभर कडेवर असतो. त्याला घेऊन पडले तर? रोज याच विचारात उठते.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाक, घरी टपाल येत नाही. बाबूजी कुणाचं पत्र फोडत नाहीत, तेवढी खात्री ठेव.

तुझी
कुसुम


धुळे
८ फेब्रुवारी १९६९

कुसे,

कशी शे तू, शेठाणीबाई? भांडण मान्य, गणितं मान्य. इथं आल्यापासून श्वास घ्यायला फुरसत नाही. एक खोली, एक आरसा, सुताराकडून करून घेतलेले दोन लाकडी कठडे, आणि त्यांना धरून चालायला शिकणारी तीसेक माणसं. लकव्याची, पोलिओची, पाय मोडून सांधलेली. डॉक्टर लोक माझ्या खोलीला मालिशखातं म्हणतात. म्हणोत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आमच्या शेताच्या बांधावरून डोक्यावर गाठोडं घेऊन हात सोडून चालणारी पोर तू. मी मागून दोनदा विहिरीकडच्या उतारावर गडगडले होते, आठवतं? तू पडतेस हे मला खरंच वाटत नाही. म्हणूनच काळजी वाटते.

खजूर बंद कर. एक वही कर. पडलीस किंवा झोक गेला की लिहायचं: कुठं, पायाखाली काय होतं, उजेड किती होता, अंगावर काय होतं, समोर कोण होतं, त्याआधी तू काय केलंस. क्षुल्लक वाटलं तरी लिही. आणि मागच्या दोन वर्षांत मोठं दुखणं, ताप, बाळंतपणात काही, कसली औषधं, हेही सांग. माझ्यापासून लपवू नकोस.

वच्छी


जळगाव
२० फेब्रुवारी १९६९

वच्छे,

वही पाठवत नाही, त्यातलंच लिहिते. दुखणं काहीच नाही. बाळंतपण धरणगावला सुखाचं झालं, आईनं चार-पाच महिने ठेवून घेतलं, ताकदीची औषधं दिली. बस.

आता पडण्याचं. सोमवारी ओसरीत. बाबूजी दुकानातून आले आणि दाराबाहेर खाकरले. आमच्याकडे मोठी माणसं खाकरल्याशिवाय घरात पाऊल टाकत नाहीत, म्हणजे सुनांना तोंडावर पदर ओढायला वेळ मिळतो. मी पदर ओढला, पाणी घेऊन निघाले आणि तांब्यासकट खाली. बुधवारी बैठकीत, गादीवरून चालताना. जेठजी होते. शुक्रवारी पाहुणे होते, तेव्हा दाराला धरून वाचले. एकटी असताना दहा दिवसांत एकदाही नाही. अंगणातून पाण्याच्या दोन कळश्या आणल्या, थेंब सांडला नाही.

आणि रविवारी ते झालं, ज्याची भीती होती. मुन्ना कडेवर होता. बाबूजी खाकरले. मी पदर घेतला, वळले आणि गेले. मुन्नाच्या कपाळाला खोक पडली, दोन टाके. वच्छे, त्याचं रक्त माझ्या हातावर होतं आणि मला उठता येत नव्हतं.

त्या दिवसापासून त्याला माझ्याकडे देत नाहीत. मी बसले असले तर मांडीवर मिळतो, उभी राहिले की सासूबाई काढून घेतात. बाबूजी माझ्याशी थेट बोलत नाहीत, सुनेशी बोलायचं ते नातवाला सांगून. ते मुन्नाला म्हणाले, "मुन्ना, तुझ्या आईला बरं नाही. अखाजीला ती धरणगावला जाईल, बरी झाली की येईल. तू इथंच राहायचं." अखाजीच्या सणाला पोरी माहेरी जातात ते झोके घ्यायला. मला मात्र पोराला सोडून जायचंय, आणि बरी म्हणजे कधी, ते कुणी सांगत नाही. हे तर बापापुढे तोंडच उघडत नाहीत.

अखाजीला दोन महिने आहेत. काहीतरी कर.

कुसुम


धुळे
२४ फेब्रुवारी १९६९

कुसुम,

पत्र वाचून इतकी चिडले की दुपारी एका आजोबांना विनाकारण ओरडले.

हे दुखणं पायांचं नाही. तुझ्या वहीत लख्ख दिसतंय. म्हातारा खाकरला की तू पडतेस, जेठ दिसला की पडतेस, एकटी असलीस की दोन कळश्या आणतेस. ही दहशत आहे, दुसरं काय? चार वर्षं तोंड झाकून राहिल्यावर कुणीही पडेल. खाकरतात कसले! त्यांना एकदा तोंडावर सांग की मला भीती वाटते.

ते जमणार नसेल तर मन घट्ट कर. रोज सकाळी पाय जुळवून उभी राहा, डोळे मीट, हात सोडलेले, भिंतीला टेकायचं नाही. दोन मिनिटं. मनात म्हण, मी कुणाला भीत नाही. पंधरा दिवसांत फरक दिसेल.

वच्छी


जळगाव
५ मार्च १९६९

वच्छे,

फरक दिसला. उजवं मनगट सुजलंय, म्हणून अक्षर असं.

तू सांगितलेलं नवीन नव्हतंच. आमच्या जैनांच्या प्रतिक्रमणात, त्या प्रायश्चित्ताच्या प्रार्थनेत, काउसग्ग असतो, तो हाच: पाय जवळ, डोळे मिटलेले, अंग निश्चल. म्हटलं, धर्म आणि व्यायाम एकदमच होईल. जैन स्थानकात बायकांच्या रांगेत उभी राहिले, डोळे मिटले, पहिला नवकार मंत्रही पुरा झाला नाही. शेजारच्या दोघींना घेऊन पडले. बाबूजी तिथं नव्हते, वच्छे. जेठ नव्हते. सगळ्या बायकाच होत्या. आणि मी कुणाला भीत नव्हते, मजेत होते. तुझी दहशत इथं बसत नाही.

बाबूजींना फार वाईट समजू नकोस. ते कडक आहेत, पण दुष्ट नाहीत. मुन्नाला टाके घातले त्या दिवशी ते जेवले नाहीत.

आणखी एक. मेहरूणच्या तळ्यावर गेलो होतो. टांग्यातून उतरून चालताना दुकानांच्या पाट्या वरखाली उड्या मारतात, वाचताच येत नाहीत. थांबले की पाट्याही थांबतात. हे लिहिलं नव्हतं, हसशील म्हणून.

कुसुम


(पोस्टकार्ड)
धुळे, ११ मार्च

कुसे, घाईत लिहितेय, टपाल निघतंय, हाताशी कार्डच आहे. मी गाढव आहे. आज एक निंबा म्हणून शेतकरी आला. म्हणतो, "बाई, डोया उघडा शेतस तवलोंग बठ्ठं बरं. तोंड धोवाले बसनू, डोयामा साबन गया, का मी पडनूच समजा." आधी काय झालं होतं विचारलं. "खोकला व्हता. नव्वद सुया टोच्यात. खोकला गया आनि पाय बी गयात." माणूस उभा राहतो तो डोळे, तळपाय आणि कानाच्या आतला तोल, या तिघांवर. टी.बी.च्या त्या सुया काही जणांचा कानाचा तोल मारतात. मग डोळे झाकले की माणूस पडतं. तुझे डोळे घुंघट झाकतो! काउसग्गात तू मिटतेस. गादीवर तळपाय फसतात. भीती नाही, ढोंग नाही. खरं सांग, धरणगावला दिलेली ती 'ताकदीची औषधं' म्हणजे टी.बी.ची इंजेक्शनं होती ना? घुंघट बंद झाला पाहिजे. व्यायाम कळवते. जागा संपली. व.


जळगाव
२२ मार्च १९६९

वच्छे,

रागावलीस का? माझ्या मनगटाच्या पत्राला उत्तर नाही. तू चुकलीस म्हणून मी एवढंही बोलायचं नाही का? अखाजी महिन्यावर आली आणि तू गप्प.

इथं काय चाललंय ते मला कळेनासं झालंय. बाबूजी खाकरायचे थांबलेत. आठ दिवस झाले. जोड्यांचाही आवाज न करता सरळ आत येतात. मी उघड्या तोंडानं पीठ मळत असते, ते खाली बघत शेजारून निघून जातात. पदर ओढेपर्यंत ते पलीकडे गेलेले असतात. पहिल्या दिवशी मला इतकी लाज वाटली की परात तशीच टाकून आत पळाले. ज्या घरात सून आहे त्या घरात सासरा खाकरल्याशिवाय कधी येतो का? याचा अर्थ एकच. त्यांनी मला सुनेतून काढून टाकलं. आता मी फक्त अखाजीपर्यंतची पाहुणी.

एवढ्यावर थांबलं नाही. बैठकीतली गादी भिंतीकडे सरकवून जायला यायला फरशी मोकळी केली. बोळात नवा दिवा लावला, दिवसाही जळतो. सासूबाई कुरकुरल्या तर मुन्नाला म्हणाले, "मुन्ना, आजीला सांग, म्हातारपणी मला दिसत नाही." मागच्याच आठवड्यात त्यांनी वीस हातांवरून कापडातला तुटका धागा दाखवला होता.

गंमत बघ, या आठ दिवसांत मी एकदाही पडले नाही. पण सांगू कुणाला? आता पडणं न पडणं सारखंच. मुन्ना दारातून हात पसरतो आणि मी बसल्या जागेवरून हात पसरते. उत्तर दे गं.

कुसुम


जळगाव
२४ मार्च १९६९

श्रीमती वच्छलाबाई यांस फुलचंद यांचा जयजिनेंद्र.

आपली ओळख नाही. मी कुसुमलताचा सासरा. आमच्या दुकानात येणारी बंद पत्रं मी फोडत नाही. पण तुमचं अकरा तारखेचं पोस्टकार्ड उघडंच होतं आणि रुपचंद मुनीम ते वाचणार, एवढ्यात मी त्याच्या हातून घेतलं. वाचायला नको होतं. वाचलं. ते माझ्या कोटाच्या आतल्या खिशात आहे. मुनीम, माझी बायको, माझे मुलगे, कुणालाही माहीत नाही. सुनेलाही दिलेलं नाही, कारण दिलं तर मी वाचलं हे तिला कळेल आणि ती लाजेनं त्याच दिवशी माहेरी निघून जाईल.

तुमच्या लिहिण्यावर माझा विश्वास बसला नाही. म्हणून दुकान बंद करून एकटा थांबलो, एक लुगडं तोंडावर घेतलं आणि गादीवरून चाललो. पाच पावलांत कापडाच्या ठाणांवर पडलो. माझे कान शाबूत आहेत, तरी. मुनीम चष्मा विसरला म्हणून परत आला आणि त्यानं मला त्या अवस्थेत पाहिलं. त्याला वाटतं, शेठजींचं डोकं फिरलं. वाटू दे.

मी खाकरायचा आणि पोर पडायची. वर्षभर मीच तिला पाडत होतो आणि मीच तिच्याकडून नातू काढून घेतला. हे मला झोपू देत नाही.

रोग लपवला याचा राग आहे. तो मी व्याह्यांवर काढीन, धरणगावला जाऊन समोरासमोर काढीन. पोरीवर नाही. माझी धाकटी बहीण सुगनबाई याच रोगानं गेली. आम्हीही ते लपवलं होतं. तिच्या काळी या सुया नव्हत्या. असत्या तर आज ती भिंत धरून का होईना, या घरात फिरली असती. तोल गेलेलं माणूस मला चालेल, वच्छलाबाई.

तीन गोष्टी कळवा. आता तिच्या छातीत काही आहे का, ते कसं पाहायचं? तोल परत येतो का? आणि नातू तिच्याकडे कोणत्या दिवशी द्यायचा? मला दिवस सांगा, अंदाज नको.

एक विनंती. मला कळलं आहे हे तिला सांगू नका. आणि यापुढे पाकिटात लिहा.

फुलचंद


धुळे
२८ मार्च १९६९

श्री. फुलचंदजी यांस वच्छलाचा सविनय नमस्कार.

ते कार्ड पेटीत पडलं आणि माझ्या लक्षात आलं, काय करून बसले. पेटीत हात घालून पाहिला, कोपरापर्यंत खरचटला. तेव्हापासून रोज वाटायचं, आज कुसुमला हाकलल्याची बातमी येणार. भीतीनं तिला पुढचं पत्रही लिहिलं नाही. मी तुमच्याबद्दल फार वाईट विचार केला होता आणि तसं तिला लिहिलंही होतं. माफ करा.

छातीचा फोटो आणि थुंकी तपासून घ्या. घरातल्या सगळ्यांचेच फोटो काढा, म्हणजे ती एकटी पडणार नाही.

कानातला तोल गेला तो बहुतेक परत येत नाही. खोटी आशा देत नाही. पण डोळे आणि तळपाय त्याचं काम शिकतात. त्यासाठी तोंड उघडं हवं, उजेड हवा, पायाखाली कठीण जमीन हवी आणि रोजचा सराव हवा. अंधारात ती नेहमीच जपून चालेल. यातलं अर्धं तुम्ही मला न विचारताच केलंत, हे मला कुसुमच्या पत्रावरून कळलं. तुम्ही का खाकरत नाही, हे तिला मात्र कळलेलं नाही. ती रडतेय. तरी मी तुमची विनंती पाळते, पण मला ते फार जड जातंय.

दिवस मला सांगता येणार नाही, खूण सांगते. फरशीच्या सांध्यावरून, मान डावीकडे उजवीकडे वळवत, कशालाही न धरता तीस पावलं. ज्या दिवशी ती तीस पावलं चालेल त्या दिवशी नातू तिच्या कडेवर द्या. त्याआधी नको, आणि त्यानंतर एक दिवसही उशीर नको.

वच्छला


धुळे
२८ मार्च १९६९

कुसे,

रागावले नव्हते, लाजले होते. डोळे मिटायचं मीच सांगितलं आणि मनगट तुझं गेलं. मला क्षमा कर.

आता नीट ऐक. तुझ्या कानातला तोल कमी झालाय. का, ते मी विचारत नाही. वाटलं तर कधीतरी सांग. काउसग्ग बसून कर. भिंतीवर खिळा ठोक, त्याच्यावर नजर ठेवून मान डावी उजवी, वर खाली, रोज तीनदा. पोटात ढवळेल, तरी सोडू नकोस. मग कोपऱ्यात उभं राहायचं, पाय जुळवून, दोन्हीकडे भिंती. मग ओसरीच्या शहाबादी फरशीच्या सांध्यावरून, टाच बोटांना लावत, मान वळवत चालायचं. पहिल्या दिवशी पाच पावलं आली तरी खूप. तीस झाली की मला कळव. तीसचा आकडा कुणाला सांगू नकोस, उगाच घरात तमाशा नको.

बाबूजी खाकरत नाहीत याचा तू लावतेस तो अर्थ कशावरून? मी एकदा त्या माणसाबद्दल घाईनं बोलले, तू तरी बोलू नकोस.

वच्छी


जळगाव
२१ एप्रिल १९६९

वच्छे,

तुला सगळं आधीच माहीत होतं! बांधावरून ढकललं पाहिजे तुला.

थांब, नीट सांगते. पहिल्या दिवशी चार पावलं. आठवड्यानं अकरा. मध्ये तीन दिवस इतकं ढवळलं की खिळा उपटून फेकावा वाटला. मध्येच बाबूजींनी घरातल्या सगळ्यांचे छातीचे फोटो काढवले, मुनिमांचासुद्धा. माझा फोटो डॉक्टरांनी उजेडात धरला तेव्हा मी डोळे मिटले आणि खुर्ची घट्ट धरून बसले. स्वच्छ निघाला. तेव्हाही मला काही कळलं नाही, इतकी मी मठ्ठ.

अखाजीच्या सकाळी माझी ट्रंक दारात होती. प्रकाशभैया दुपारी न्यायला येणार होता. आदल्या दिवशी सव्वीस झाली होती. म्हटलं, जाण्याआधी एकदा. ओसरीत आले तर बाबूजी झोपाळ्यावर वर्तमानपत्र घेऊन बसलेले, शेजारी मुन्ना. माझा हात पदराकडे गेला. आणि मला इतका राग आला, वच्छे. तसंही मी यांची सून उरले नाही, मग झाकायचं कुणासाठी? हात खाली घेतला आणि उघड्या तोंडानं चालू लागले. मान डावी, मान उजवी. मनात मोजत होते. बावीसला झोक गेला, सावरला. वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही. शेवटचं पाऊल टाकलं आणि थांबले.

बाबूजी पेपरामागून म्हणाले, "मुन्ना, तीस झाली. जा आईकडे."

तीसचा आकडा मी मुन्नाच्या बाबांनासुद्धा सांगितला नव्हता. तोंडातून निघून गेलं, "बाबूजी, धरणगावला मला ती इंजेक्शनं..." चार वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्याशी बोलले. आईनं मुन्नाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती गं, म्हणून तुझ्याशीही खोटं बोलले. ते पुरं ऐकायला थांबलेच नाहीत. "मुन्ना, आईला सांग, आजोबाला ठाऊक आहे." मग कोटातून पोस्टकार्ड काढून मुन्नाच्या हातात दिलं. चार घड्या पडलेलं. "आणि हेही सांग, तिच्या मैत्रिणीला म्हणावं, अशा गोष्टी पाकिटात लिहाव्या."

प्रकाशभैया आला तो बाबूजींनी त्याला आतल्या खोलीत नेला. तासाभरानं बाहेर आला तेव्हा कान लाल होते. ट्रंक पुन्हा माळ्यावर गेली. सासूबाई अजून माझ्या उघड्या तोंडाकडे बघत नाहीत, पण भाकरीचं पीठ काढून ठेवतात. त्यांना वेळ लागेल.

मुन्नाचं सांगायचं राहिलं. तो कार्ड तोंडात घालून धावत आला. मी खाली वाकले, त्याला उचललं, आणि अंगणाच्या दारापर्यंत चालत गेले. बाबूजी चार पावलं पुढे चालत होते, मागे वळून न बघता. मी पडले नाही.

दोन महिन्यांत किती जड झालाय गं तो.

तुझी
कुसुम